मोनोग्रामखालचं नाव

काचेची शेगडी फुटते तेव्हा तिचे तुकडे होत नाहीत, साखर होते. गेल्या कार्तिकात माझ्या दुकानात अशी एक शेगडी फुटली आणि मी काउंटरमागून अशी किंचाळले की समोरचा सराफ दरोडा पडला समजून शटर ओढायला धावला. शेगडीपाशी सहादूभाऊ बसले होते. हातातलं नाव घालायचं मशीन तसंच टर्रर्र करत चालू, मांडीवर काच, मिशीत काच, आणि चेहरा पांढराफटक.

सहादूभाऊ माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालतात. मी लग्न होऊन नाशिकच्या भांडी बाजारात आले तेव्हापासून ते तिथे आहेत, त्यांच्या मशीनची वायर माझ्या दुकानातल्या प्लगला. घर मखमलाबादला, मळेकऱ्यांचं. त्यांचे भाऊ अजून झेंडू आणि मेथी पिकवतात. यांना मात्र मातीपेक्षा अक्षरांचा नाद. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एक चमचा बिघडला नव्हता. त्याच माणसाने कोरी करकरीत शेगडी फोडावी, तीही धाकट्या मुलीच्या लग्नाची, हे मला कितीतरी वेळ खरंच वाटेना. पण ती का फुटली हे कळायला, त्याच्याआधी बसलेला याहून मोठा धक्का सांगायला हवा.

आपल्याकडे दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव नसेल तर ती दिली असं कुणी धरतच नाही. पातेल्यांपासून सुरू झालेलं हे लोण मिक्सर-फ्रीजपर्यंत पोचलं होतं. मी दुकानात आले तेव्हा मिक्सर पांढरे असायचे, कमरेला निळी किंवा केशरी पट्टी, आणि छातीवर कंपनीचं नाव चांदीच्या रंगाच्या उठावदार अक्षरांत. त्या चिकटवलेल्या अक्षरांना आम्ही मोनोग्राम म्हणतो. फ्रीजला लांबलचक चकचकीत मूठ आणि कुलूप-किल्ली. लोक मोनोग्राम बघून माल घ्यायचे आणि मग त्याच्याच शेजारी सहादूभाऊंकडून स्वतःचं नाव घालून घ्यायचे, कंपनीपेक्षा बोटभर मोठं. एकदा भिशीच्या बायकांनी मैत्रिणीला फ्रीज दिला आणि दारावर सगळ्याजणींची नावं घातली. फ्रीज कसला, मतदारयादीच ती!

पुढे फुलं आली. लाल, जांभळे, मरून फ्रीज, दारभर ही मोठाली फुलं आणि सोनेरी मोनोग्राम. मग फुलं गेली, स्टीलचा रंग आला. मग काळी काच. आता तर कंपन्यांना आपलं नाव सांगायचीही लाज वाटते की काय कोण जाणे. काचेच्या आतून छापलेली बारीक अक्षरं, उजेडात तिरकं उभं राहिल्याशिवाय दिसत नाहीत. गिऱ्हाईक विचारतं, "कंपनी कुठली?" आणि मी त्याला मान वाकडी करायला लावते. हात फिरवला तर हाताला काही लागत नाही. मला हे अजिबात आवडत नाही, पण विकते, कारण लोकांना तेच हवं असतं. नवऱ्यामुलीचं नाव, मामाचं नाव वगैरे फ्रीजवर घालणं तर गावंढळच ठरलं. सहादूभाऊंचं काम फ्रीजवरून उतरून परत पातेल्यांवर आलं.

त्यांच्या थोरल्या मुलीचं, पल्लवीचं लग्न ठरलं ते फुलांच्या दिवसांत. फुलांचा मरून फ्रीज, मिक्सर आणि तीन बर्नरची स्टीलची शेगडी, सगळं तिने माझ्याकडून निवडलं. आणि निवडून झाल्यावर बापाला बजावलं, "पप्पा, भांड्यांवर काय ते घाला. यांच्यावर नको. निफाडची माणसं हसतील."

"बरं," सहादूभाऊ म्हणाले.

मला नवलच वाटलं. या माणसाने नावाशिवाय कुणाला वाटीसुद्धा दिली नव्हती, आणि पोरीच्या एका शब्दावर गप्प बसला. बिल जावयाच्या, म्हणजे समाधानच्या नावावर करा, असा पल्लवीच्या सासूबाईंचा, कलाबाईंचा निरोप निफाडहून आला होता. मेकॅनिक तिकडेच येणार, वॉरंटीला सोयीचं. सगळ्यांना पटलं, तसं बिल झालं. माल आधी मखमलाबादला सहादूभाऊंच्या घरी गेला आणि लग्नाच्या आधी तिथून निफाडला.

पल्लवी तिकडे चांगली रुळली. द्राक्षाच्या हंगामात पॅकिंगला येणाऱ्या बायकांना डबे करून द्यायची, सगळं त्याच तीन बर्नरवर. आणि मग एक दिवस कळलं की समाधानने दुसऱ्या बाईबरोबर घर केलंय, आणि ते आजकालचं नाही, चांगलं जुनं आहे. आम्ही सगळे हबकलो. इतका गोड बोलणारा मुलगा! दुकानात आला की मला वाकून नमस्कार करायचा. पल्लवी एक पिशवी घेऊन माहेरी आली. रडली कमी, विचार जास्त केला. कॉलेज रोडला क्लासची मुलं खोल्या घेऊन राहतात, त्यांना डबे द्यायचे असं तिने ठरवलं. त्यासाठी तिला तिची शेगडी, तिचा मिक्सर, तिचा फ्रीज हवा होता. पुन्हा बापाला नवं घ्यायला लावायची तिची तयारी नव्हती.

कलाबाईंनी फोनवर सांगितलं, "भांडी ने. त्याच्यावर तुझ्या बापाचं नाव हाय. बाकीचं आमच्या समाधानचं. बिल हाय आमच्याकडं."

पल्लवी जाऊन हात जोडून आली. परत गेली, परत जोडून आली. पाच-सहा महिने हेच. रिकाम्या हाताने यायची आणि पायरीवर बापाशेजारी बसायची. ते बघून बघून शेवटी माझं डोकं फिरलं. माल मी विकलेला, पैसे कुणी दिले ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. "चला," मी सहादूभाऊंना म्हणाले, "टेम्पो काढते. पल्लवीलाही घ्या. मी बोलते त्यांच्याशी."

निफाडच्या घरात फ्रीज बैठकीत होता, टीव्हीशेजारी, फुलं आल्यागेल्याला दिसावीत म्हणून. वर विणलेलं झाकण, मुठीला कापडी खोळ, सोनेरी मोनोग्राम पुसून पुसून लख्ख. कलाबाई होत्या, समाधान होता, आणि न्याय करायला भावकीतले म्हातारे फकिराआबा येऊन बसले होते. मी तोंड उघडलं ते उघडलंच. माल माझा, दुकान माझं, पैसे सहादूभाऊंचे, माणसाला काही लाज असावी, सगळं एका दमात.

"मंग बिल कुनाच्या नावाचं फाडलं, ताई?" कलाबाई शांतपणे म्हणाल्या.

फकिराआबांनी बिल डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं आणि मान हलवली. "कागद समाधानचा हाय. मी तरी काय करू?"

पल्लवी जमिनीकडे बघत बसली होती. मला कळून चुकलं की संपलं. एवढ्या तावातावाने आले आणि पोरीचं होतं ते पण घालवलं, असं वाटून मला तिथेच रडू यायला लागलं.

तेवढ्यात सहादूभाऊ उठले. "विहीणबाई, जरा गरम पानी अन् एक फडकं भेटंल का?"

यांना भोवळबिवळ आली असं मला वाटलं. पाणी आलं. त्यांनी फडकं पिळलं आणि फ्रीजच्या मोनोग्रामवर धरून उभे राहिले, तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी धरावी तसे. मग खिशातून जाड दोरा काढला, अक्षरांच्या मागे घातला आणि दोन्ही टोकं धरून इकडून तिकडे हलवायला लागले.

"ओ, काय करताय?" समाधान ओरडला. "मोनोग्राम तोडताय काय?"

मोनोग्राम त्यांच्या तळहातात पडला. ते बाजूला झाले.

खाली रंग खरवडून पत्र्यावर घातलेली अक्षरं होती. मधल्या वर्षांत त्यांच्यात बारीक तांबूस गंज भरला होता, त्यामुळे तर ती दारातूनही वाचता येत होती. 'चि. पल्लवीला, पप्पांकडून.' खाली लग्नाचं साल.

मी भांडी बाजारात आयुष्य काढलं आहे, मला या धंद्यातलं सगळं ठाऊक आहे असा माझा समज होता. तो तिथल्या तिथे गळून पडला. आणि माणसाचं मन काय असतं बघा, पहिला विचार काय यावा? वॉरंटीतल्या कोऱ्या मालाचा मोनोग्राम काढून परत चिकटवला या माणसाने!

"मिक्सरच्या बी खाली हाय," सहादूभाऊ म्हणाले. "शेगडीच्या बी."

"खोटं!" कलाबाई ताडकन उठल्या. आत गेल्या, मिक्सर आणून आबांच्या पुढ्यात आदळला आणि उलथन्याच्या धारेने स्वतःच मोनोग्राम उचकटायला लागल्या. सहादूभाऊ "सावकाश, सावकाश" म्हणत होते. अक्षरांची पट्टी उडून भिंतीला लागली. खाली तेच. 'चि. पल्लवीला, पप्पांकडून.'

कलाबाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या हातात उलथनं तसंच होतं. "रोज पुसते मी ह्ये," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला हळदकुंकू वाहते ह्याच्यावर. ह्याच्याखाली ह्ये होतं?"

समाधान बाहेर निघून गेला तो परत आलाच नाही. फकिराआबांनी बिलाची घडी घातली, कलाबाईंच्या हातात दिली आणि आम्हाला म्हणाले, "न्या."

मला वाटलं, आता पल्लवी बापाच्या गळ्यात पडेल. हमाल फ्रीज टेम्पोत चढवत होते आणि ती ओट्यावर उभी होती. ती बापाकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत राग होता, असा राग तिने समाधानवरही काढला नसेल.

"मांडव पडायच्या आधी घातलंत ना हे?"

"व्हय."

"म्हणजे मी परत येणार, हे तुम्ही धरूनच चालला होतात."

"तसं नाय गं," सहादूभाऊ म्हणाले. "नाव घातल्याबिगर मी काय देत नाय. तू नको म्हनलीस, म्हनून झाकून घातलं."

"मग इतके महिने मला सांगितलं का नाहीत? मी त्या बाईच्या पाया पडत होते, पप्पा. पाया!"

"मला वाटलं, देतील. त्ये उघडं पाडायची पाळी येऊ नये वाटलं."

पल्लवी टेम्पोत जाऊन बसली. पुढे डबे सुरू झाले, चांगले चालले, दुपारी ती सहादूभाऊंचा डबाही आणून पायरीवर ठेवायची, पण बोलणं तेवढ्यापुरतं. फ्रीजला मोनोग्राम तिने परत लावला नाही. तो सहादूभाऊंच्या पत्र्याच्या पेटीत पडून होता. एकदा मी विचारलं, "खरं सांगा भाऊ, भीती वाटली होती ना?" त्यांनी एका तांब्यावर फुंकर मारली. मग म्हणाले, "पोरगी देतानी कुनाला नाय वाटत, ताई?"

आता ती शेगडी. धाकटी रूपाली अंबडच्या एका कंपनीत ऑफिसात आहे. तिचं लग्न वणीच्या मुलाशी ठरलं आणि ती, पल्लवी आणि सहादूभाऊ खरेदीला माझ्याकडे आले. रूपालीने सगळं काळं कुळकुळीत निवडलं. काचेच्या दाराचा फ्रीज, काचेची शेगडी. पोरी मिक्सर बघण्यात दंग होत्या, मी काउंटरला. सहादूभाऊ फ्रीजच्या दारावरून अंगठा फिरवत होते, वरून खाली, डावीकडून उजवीकडे. अंगठ्याला मोनोग्रामची कड लागायला हवी होती, ती कुठेच नव्हती. मग ते शेगडीपाशी बसले. ती उलटी केली आणि काचेच्या मागच्या बाजूला, अगदी कडेला, मशीन टेकवलं.

पुढचं सांगितलंच आहे. साखर.

मी धावत गेले तेव्हा पल्लवी माझ्याआधी पोचली होती. तिने त्यांच्या हातातलं मशीन काढून घेतलं, प्लग ओढला आणि ओढणीच्या टोकाने त्यांच्या मिशीतले, भुवयांतले कण एकेक करून झटकायला लागली. "नाव घालायला जागाच नाय ठिवली," सहादूभाऊ म्हणत होते. "याच्यात कुठं घालायचं? झाकायलाबी काय नाय."

रूपाली मिक्सरचं भांडं हातात धरून खिळल्यासारखी उभी होती. निफाडची गोष्ट तिला माहीत होती. पण आपल्याही शेगडीवर बाप तेच घालायला बसेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नसावं. मला वाटलं, आता हीही रागावणार. लग्न महिन्यावर आलेलं, आणि बाप परतीची सोय करतोय.

तिने भांडं खाली ठेवलं. "योगिनीकाकू, नाव घालता येईल असं काही आहे तुमच्याकडे?"

"पत्र्याच्या दाराचा एकच फ्रीज आहे गोदामात," मी म्हणाले. "पण फुलांचा. कुणी घेत नाही म्हणून पडलाय."

तिने नाक मुरडलं. आवडला नव्हताच तिला, उगाच खोटं कशाला बोलू? तरी म्हणाली, "तोच काढा. आणि शेगडी स्टीलची."

फ्रीज पायरीपाशी आला. सहादूभाऊंनी सवयीने खिशातला दोरा काढला आणि मोनोग्रामला हात घातला.

"तिथे नाही," रूपाली म्हणाली. "वर. समोर. मोठं घाला."

"सासरचे बघतील ना."

"बघू देत. पहिल्याच दिवशी बघू देत. ताईसारखं झाकून नको मला."

सहादूभाऊंनी पल्लवीकडे पाहिलं. प्लग तिनेच लावला. बाजारातली माणसं थांबून बघत होती. आजकाल फ्रीजवर नाव घालताना कुणी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं होतं ना, मला फ्रीजवरची नावं म्हणजे मतदारयादी वाटायची? त्या दिवशी मला तसं काही वाटलं नाही. मला नुसता अचंबा वाटला. नाव समोर असलं की पोरीचं ते पोरीचंच राहतं, एवढी साधी गोष्ट, आणि ती आमच्यापैकी एकीलाही आजवर सुचू नये!

लग्न झालं. वणीच्या मंडळींनी फ्रीजवरचं नाव वाचलं, दोन बायका हसल्या, विषय संपला.

संक्रांत होऊन गेल्यावर एका दुपारी पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी, चपलांवर एसटी स्टँडची धूळ. मी मान वर केली आणि माझ्या हातातून पेन पडलं. कलाबाई होत्या. पल्लवी नुकतीच डबा घेऊन आली होती, बापाशेजारी बसली होती. तिने पाहिलं आणि तिचा घास हातातच राहिला. सहादूभाऊ अर्धवट उठले.

कलाबाईंनी पिशवीतून जुना कुकर काढला. बूड काळं पडलेलं, दांडा एकदा बदललेला, कंपनीचं नाव घासून घासून पार गेलेलं.

"समाधाननं तिला घरात आनली," त्या म्हणाल्या. "तिनं तिच्या वस्तू आनल्या. आता रोज इचारती, ह्ये कुनाचं, त्ये कुनाचं. घरात समदं समाधानचं नाय तर तिचं. ह्यो कुकर मी घेतल्याला, कांद्याच्या खळ्यावर कामाला जाऊन." त्यांनी पल्लवीकडे बघायचं टाळलं. "नाव घालून द्या."

पल्लवीचा चेहरा मला वाचता येईना. मी तिच्या जागी असते तर त्या बाईला पायरीवरून उतरवलं असतं, खरं सांगते. पल्लवीने त्या काळ्या बुडाकडे पाहिलं. मग तिने डबा बाजूला घेतला आणि सरकून बसायला जागा केली.

सहादूभाऊंनी कुकर मांडीवर घेतला, पुसला. "कुनाकडून लिहू?" त्यांनी नेहमीचं विचारलं.

"कुनाकडून नाय," कलाबाई म्हणाल्या. "नुस्तं कलाबाई लिवा. समोर."

मशीन सुरू झालं. कुकर हलू नये म्हणून पल्लवीने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.